परावलंबी म्हणे!

४ मार्च
इथे राहायची मुदत वाढवून द्यायला सरकारने नकार दिला. कारण काय, तर मी मायदेशी एकटा राहू शकतो. नकाराचं वाईट वाटलं, कारण वाचून बरं वाटलं. चिरंजीव कोर्टात जाणार. हरलो तर परत त्या बंद घरात. ही गेल्यापासून तिथे मी टीव्हीशी भांडतो. पण केस हरत नाही. कोर्टाला माणूस कळतो.

९ मार्च
दगा! वकीलबाईंकडे चिरंजीवाचं प्रतिज्ञापत्र पाहिलं. वडील गोळ्या विसरतात, गॅस चालू ठेवतात, बाहेर पडले की घर सापडत नाही, पूर्णपणे परावलंबी आहेत. पोटच्या पोराने सही ठोकून लिहिलंय! आयुष्यभर गोडाऊन सांभाळलं, एक खिळा इकडचा तिकडे होऊ दिला नाही. वकीलबाई म्हणाल्या, केस यावरच उभी आहे, तुम्ही फक्त गप्प बसा. बघू.
संकल्प : रोज फिरणे. स्वतःचा चहा स्वतः.

१० मार्च
चहा केला. पातेलं जळलं. पातळ बुडाचं होतं. सूनबाईला तसं स्पष्ट सांगितलं. तिने खिडक्या उघडल्या आणि म्हणाली, जाड बुडाचं आणते. म्हणजे चूक कबूल.

१४ मार्च, संध्याकाळ
फिरणे सुरू. परतताना मुद्दाम वेगळा रस्ता घेतला. परिसर माहीत हवा. कोपऱ्यावरचा केमिस्ट गप्पा मारत थेट दारापर्यंत आला. बिचाऱ्याला बोलायला कोणी नसावं. चिरंजीव दारातच, चेहरा पांढराफटक. ऑफिसात काहीतरी झालं असणार.

१५ मार्च
कालच्या गोळ्या घेतल्या की नाही, यावर सूनबाईने उगाच वाद घातला. सुरक्षित म्हणून परत घेतल्या. विषय संपला.

२ एप्रिल
कोर्ट. काठी मुद्दाम गाडीत ठेवली. सरकारी वकील कोवळा पोरगा, पण आदबशीर. दुभाष्यामार्फत विचारलं, आजोबा, एकटं राहायला जमेल का? वकीलबाई उठत होत्या, मी आधी उठलो. म्हटलं, न जमायला काय झालं? स्वयंपाक, औषधं, बाजार, सगळं स्वतः करतो. मुलालाच माझ्यावाचून जमत नाही. न्यायाधीशांनी लिहून घेतलं. चिरंजीवाने मान खाली घातली. भरून आलं असावं.
केस खिशात.

२० एप्रिल
अपील फेटाळलं. निकालात माझं उत्तर शब्द न् शब्द. वर 'स्पष्ट आणि आत्मविश्वासपूर्ण' असा शेरा. कौतुक करून हाकलायचं, ही कुठली रीत? सगळे फितूर. वकीलबाई फोन उचलत नाहीत. चिरंजीवाला विचारलं, तू का नाही तोंड उघडलंस? म्हणाला, बाबा, मी खरं तेच लिहिलं होतं, तुम्ही मला खोटं पाडलंत.
फार लागलं. रागाने जेवलो नाही. सूनबाई म्हणते, जेवलात.

६ मे, सकाळ
आज विमान. बॅग दाराशी. सगळे झोपलेले. म्हटलं, जाता जाता सगळ्यांसाठी चहा करून दाखवू. आधण ठेवलं आणि हे लिहायला बसलो.

वास आला तोवर चिरंजीव ओट्याशी पोचला होता. गॅस बंद केला. खिडकी उघडली. ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसता पाठ करून उभा राहिला, खांदे हलत होते. मी म्हणणार होतो, पातळ बुडाचं.
पातेलं जाड बुडाचं होतं.