नकाशावरचा ठिपका

सौमित्र,

तुझ्या नव्या अ‍ॅपवर माझं लॉगिनच होत नाहीये, म्हणून कागदावर लिहून जातेय.

फोटो, ईमेल सगळं तू घरच्या सर्व्हरवर आणलंस, त्याबद्दल तक्रार नाही. आपली माहिती कुणी विकू नये, हे मलाही पटतं. पण रविवारी जुनं अकाउंट डिलीट केलंस, तेव्हा लोकेशन शेअरिंगही गेलं आणि नागपूरला आईंच्या फोनमधला तुझा ठिपका गायब झाला. तुला माहीतही नसेल, रोज आपल्या इथल्या सकाळी तो ठिपका अमेरिकेतल्या तुझ्या ऑफिसला पोचला की मगच त्या तिकडे देवापुढे संध्याकाळचा दिवा लावतात. काल तिकडच्या संध्याकाळी साडेसातपर्यंत फोन हातात घेऊन बसल्या होत्या.

आज पहाटे त्यांनी फोन केला. तुला नाही, मला. मी प्रायव्हसी वगैरे समजावत बसले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझं काही चुकलं का गं?"

त्यांना नवीन अ‍ॅप शिकवायला जाऊ नकोस. डबा फ्रीजमध्ये आहे. हायवे फोर्टीवर ट्रॅफिक असतं, जरा लवकर निघ. आणि पोचलास की गाडीतून उतरायच्या आधी त्यांना फोन कर. तोवर त्यांनी दिवा लावलेला नसेल.

मृण्मयी