तळटीप एकेचाळीस

३ फेब्रुवारी

संपादकबाईंचा फोन. ह्यांच्या पुस्तकातल्या सगळ्या तळटिपा तपासून झाल्या, एक सोडून. एकेचाळीस. "मूळ कागद बघितल्याशिवाय छापता येणार नाही हो. तुम्हीच जरा ग्रंथालयात—" हो म्हटलं. नाही म्हणायलाही जोर लागतो.

ह्यांना जाऊन सात महिने झाले. दूध अजून एक लिटरच घेते. निम्मं नासतं.

४ फेब्रुवारी

पुस्तक एका जुन्या सूतिकागृहावर आहे. तळटिपेत लिहिलंय — परिचारिकेची टिपणवही, ६३. त्यातलं एका बाईचं वाक्य, मूल मेलेलं जन्मलं तेव्हाचं: "वजन केलं नाही म्हणे. किती जड होतं ते मला विचारा." अख्खं चौथं प्रकरण ह्या वाक्यावर उभं आहे.

चांगलं वाक्य आहे. काही वाटलं नाही.

ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरवर 'परिचारिकेची टिपणवही' टाकलं. शून्य नोंदी.

५ फेब्रुवारी

नुसतं 'सूतिकागृह' टाकलं तर चारशे बारा! सगळी मागाहून कुणीकुणी लिहिलेली पुस्तकं.

७ फेब्रुवारी

सूची करणाऱ्या बाई शेजारी येऊन बसल्या. "अहो काकू, अशा वहीला कुठलं आलंय शीर्षक! ते नाव तुमच्या यजमानांनी दिलं असणार. लिहिणारीच्या नावावर शोधा. नाव माहीत नाही? मग संस्थेच्या नावावर. पुढे 'हस्तलिखिते' जोडा, आणि साल घाला."

चारशे बाराच्या नऊ झाल्या. सातवी नोंद: रात्रपाळीची वही, परिचारिका, ५८ पाने.

अठ्ठावन्न. मग त्रेसष्ट कुठून आलं?

१० फेब्रुवारी

वही हातात मिळाली. चादरी, ताप, गरम पाणी. पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचली. ते वाक्य नाही.

एका स्वल्पविरामावरून माझ्याशी दोन दिवस अबोला धरणारा माणूस!

वन्सं फोनवर — "वहिनी, मिळालं म्हणून सांगून टाका ना. कोण बघायला जातंय? दादाचं पुस्तक अडवू नका." बघते म्हटलं. भांडी घासली.

१२ फेब्रुवारी

सूचीवाल्या बाईंना खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांची स्वतःची टिपणं असतील ना घरी? तीही साधनंच. एकेक कागद लावून बघा."

१५ फेब्रुवारी

तीन दिवस कागद लावतेय. वहीतून उतरवून घेतलेले सुटे कागद, प्रत्येकाच्या कोपऱ्यात ह्यांनी घातलेला आकडा. म्हणजे ६३ हे वहीचं पान नव्हेच!

त्रेसष्टावा कागद वेगळा. औषधाच्या चिठ्ठीची मागची कोरी बाजू. अक्षर ह्यांचंच. तारीख सव्वीस वर्षांपूर्वीची — आमच्या बाळाची. 'शुद्धीवर आल्यावर ही म्हणाली', आणि खाली ते वाक्य.

मला आठवत नाही. एक अक्षर आठवत नाही. आम्ही दोघं त्यावर कधी बोललोच नाही.

चुकून मिसळला, की मुद्दाम ठेवला? कुणाला विचारू!

संध्याकाळपर्यंत तशीच बसून होते.

१७ फेब्रुवारी

संपादकबाईंना कळवलं. वाक्य वहीतलं नाही, पण खरं आहे. चौथं प्रकरण मी नव्याने लिहून देते.

त्या म्हणाल्या, "मग तळटिपेत काय घालू?"

म्हटलं, घाला — बाळाची आई. हयात आहे.