सेनगाव की हिंगोली

९ नोव्हें., रवि.
हिंगोलीला फुटबॉलची मॅच. हरलो, २-१. आपला एकमेव गोल माझ्या गौरीचा. डाव्या पायानं, अंगावर त्यांची पोरगी असताना. माझा आवाज बसला ओरडून.
तिथल्या अकादमीचं मैदान पाहिलं. हिरवं गवत, चारी बाजूंनी जाळी, पोरींच्या पाठीवर छापलेली नावं. आपल्या सेनगावच्या पोरी शाळेच्या टी-शर्टात. नंबर मार्करनं काढलेले, घामानं पसरलेले.
येताना मोटरसायकलवर तिघं. गौ. मधे, मागं शीतल, किटबॅग टाकीवर. शीतल म्हणजे माधवची पोरगी, गौ.च्याच वर्गातली, आमच्या साखरा गावचीच. ती बॅकला खेळती. आज कशी खेळली, ध्यान नव्हतं माझं.
मनात एकच. गौ. त्या मैदानावर पाहिजे.

१० नोव्हें., सोम.
सुमनला सांगितलं, अकादमी नव्या पोरी घेऊन राहिली, ट्रायल २३ ला. अट एकच, तिकडं गेलं की दुसऱ्या क्लबकडून खेळायचं न्हाई.
सुमन कणीक मळत होती. म्हणे, "मग जाधव मॅडमला काय सांगणार?"
मी म्हटलं, मॅडमच्या कोचिंगबद्दल तक्रार न्हाईच.
"तक्रार न्हाई तर चाललात काहून?"
मी आंघोळीला गेलो.

१३ नोव्हें., गुरु.
पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर तेच. सेनगावच राहू द्या का हिंगोलीला न्या. मेडिकलवाले कदम हिंगोलीच्या बाजूनं, त्यांची श्रुती गोलकीपर आहे. बाकीचे अर्धे इकडं, अर्धे तिकडं. कुणीतरी लिहिलं, "मॅडम आपल्या दारी आल्या होत्या तवा हे हिंगोलीवाले कुठं होते?" त्यावर सतरा अंगठे.
खरं आहे ते. चार वर्षांखाली मॅडम घरोघर हिंडल्या. पोरी ट्रॅकपँट घालून पळणार म्हटल्यावर लोक तोंडावर हसले. माधवकडं तर तीनदा गेल्या.
तरीबी मी लांब मेसेज टाकला. कॉलेजच्या ऑफिसात बसून, कामाच्या टायमात. पोरींचं भविष्य, सुविधा, जिल्हा, राज्य. पुन्हा वाचला तर आमच्या प्राचार्यांचं भाषण वाटलं. पण पाठवून झाला होता.

१६ नोव्हें., रवि.
मॅडमनी बैठक घेतली, शाळेच्या वर्गात. आमी सगळे बाकांवर गुडघे दुमडून. जागा पुरंना.
कदम म्हणाले, "इथं काय हाय? नुसते दगडं."
एक म्हातारे आजोबा, नातीसाठी आलेले, उठले. "दगडं व्हते. आमच्या पोरींनी अन् मॅडमनं येचले. म्या सवता पाहिलं."
मग एकच गलका. पोरी खिडकीतून पाहून राहिल्या होत्या, त्यांना हाकललं.
मी दहा मिनिटं बोललो. चांगलं बोललो असं वाटलं. मॅडम ऐकत होत्या, वहीत काही लिहिलं न्हाई. शेवटी म्हणाल्या, "जाणारीला मी अडवणार न्हाई. तिथं शिकायला जास्त भेटंल, हे बराबर हाय. फक्त परत यावं लागलं तर कुणी लाजू नका." खाली बसल्या.
माधव शेवटच्या बाकावर. बाहेर चपला घालताना म्हणाला, "भाऊ, तुमची जाईन तर आमचीबी जाईन. दोघी असल्या की मला घोर न्हाई."
मी म्हटलं, जाणारच.
त्याचा फोन बटणाचा. ट्रायलच्या फॉर्मवर दोघींच्या नावापुढं माझाच नंबर टाकला.

१९ नोव्हें., बुध.
दिवस बारका झाला. प्रॅक्टिस सुटली की अंधारून येतं. पोरी मागं बसून काहीतरी कुजबुजतात, हसतात. मी विचारलं की गप.
गौ. जेवंना नीट. ट्रायलचं टेन्शन. सुमन म्हणते टेन्शन तिला माझं आहे, ट्रायलचं न्हाई.

२३ नोव्हें., रवि.
ट्रायल. सेनगावच्या सहा पोरी. बाकी हिंगोली, वसमत, कुठकुठल्या.
गौ.चा पहिला पास चुकला. दुसराबी. मी जाळीपाशी जाऊन सांगत होतो, डावीकडं जा, मोकळी हो. सय्यद सर, तिथले कोच, चालत आले, हात जोडून म्हणाले, "भाईसाब, आप उधर पानी पीजिए. बच्ची आपको देख रही है, बॉल को नहीं."
पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बसलो. लाज वाटली.
तिथून शीतल दिसली. आज पहिल्यांदा पाहिलं तिला नीट. ती पळतच न्हाई फार. बॉल जिथं येणार तिथं आधीच उभी. समोरची पोरगी दोनदा वैतागून जमिनीवर पाय आपटून गेली.
येताना शीतल म्हणाली, "काका, गवतावर पायाला टोचतच न्हाई काही."

२६ नोव्हें., बुध.
दुपारी यादी आली, फोनवर. मी ऑफिसात, परीक्षा फॉर्मांच्या गठ्ठ्यात.
सेनगावच्या दोन. श्रुती कदम. शीतल.
चार वेळा वाचली. वर, खाली. राखीवमधेबी गौ.चं नाव न्हाई.
बाहेर जाऊन सय्यद सरांना फोन लावला. शांतपणे बोलले. "आपकी बेटी का पैर अच्छा है, अगले साल फिर लाइए. लेकिन दूसरी जो है ना, शीतल, वो गेम पढ़ती है. ऐसी बच्ची सिखाने से नहीं बनती." एक तारखेपर्यंत हो का न्हाई कळवा म्हणाले. तिच्या वडिलांशी बोलून घ्या म्हणाले.
बरं म्हटलं.
घरी काही सांगितलं न्हाई.

२७ नोव्हें., गुरु.
माधवच्या दारावरूनच जावं लागतं. तो बैलाला पाणी दाखवत होता. हात वर केला. मीबी केला. थांबलो न्हाई.
संध्याकाळी मागून शीतल, "काका, यादी आली का?"
"न्हाई अजून."
तेरा वर्षाच्या पोरीला खोटं सांगितलं. गाडी चालवत होतो म्हणून तोंड दिसलं न्हाई तिला.
स्वतःला समजावून पाहिलं. माधव एकटीला पाठवणारच न्हाई, मग सांगून दोघांना तकलीफ कशाला. तारीख निघून गेली की आपोआप मिटंल. सेनगावबी काही वाईट न्हाई, मॅडम जीव लावतात.
म्हणजे पंधरा दिवसांखाली ज्यांच्याशी भांडलो त्यांचंच सगळं आता माझ्या तोंडात.

२८ नोव्हें., शुक्र.
सकाळी गौ. बूट पुसत होती. खाली पाहूनच म्हणाली, "पप्पा, मी बुधवारीच पाहिलं फोनमधे."
मी चहाचा कप खाली ठेवला.
"तुमी काल शीतलला न्हाई म्हणलात. मी मागंच बसले होते ना."
मी म्हटलं, तुला वाईट वाटंल म्हणून.
"मला वाटलंच वाईट. बुधवारी बाथरूममधे रडून घेतलं मी." मग दुसरा बूट घेतला. "तुमी सांगा त्यांच्या घरी. मी सांगितलं तर तिला वाटंल मी रडून राहिले, मग ती जाणार न्हाई. ती तशीच हाय."
सुमन दारात उभी. सगळं ऐकलं तिनं. मला वाटलं आता बोलंल काहीबाही. फक्त म्हणाली, "चहा थंड होऊन राहिला तुमचा."
दिवसभर कामात तीन चुका.

२९ नोव्हें., शनि.
गेलो माधवच्या शेतात. कापूस वेचणी चाललेली. तो, त्याची बायको कांता, दोन बाया. माधवला बांधावर घेतलं अन् सगळं सांगून टाकलं. यादी बुधवारी आली, शीतलचं नाव आहे, गौरीचं न्हाई, अन् मी शीतलशी खोटं बोललो.
तो कितीतरी वेळ उपरण्याला चिकटलेला कापूस काढत राहिला. मला वाटलं शिवी देईल. द्यायला पाहिजे होती.
"गौरी रडली असंल," म्हणाला.
मग म्हणाला, "पर आता एकटी कशी जाईन? तुमची असती तर गोष्ट अलग व्हती. जाऊ द्या भाऊ. सेनगावला हाय ना बरं चाललेलं."
मी सांगून पाहिलं. सेनगावपासून कदमांची श्रुती सोबत आहे. साखरा ते सेनगाव मी सोडीन, मी आणीन, तसाबी रोज जातोच. तो मान हलवत होता, पण हो म्हणायची मान नव्हती ती.
कांता वेचत वेचत आमच्या ओळीपर्यंत आली होती. कमरेची ओटी भरलेली. थांबली न्हाई, हात चालूच.
"मला सातवीतून काढलं तवा बी हेच म्हणले व्हते. सोबतच्या संगीताचं लगन झालं, आता ही एकटी कशी जाईन शाळेत. मी म्हणत व्हते, जाते ना एकटी. कुणी इचारलंच न्हाई."
माधव म्हणाला, "हे कधी बोलली न्हाईस तू."
"तुमी कधी इचारलं?"
अन् पुढच्या ओळीला लागली.
मी निघालो. माधव बांधावरच बसून होता.

३० नोव्हें., रवि.
शीतलची माफी मागितली. आमच्या अंगणात, गौ.समोर. लई अवघड गेलं. ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाली, "काही न्हाई काका." मग गौ.कडं पाहिलं अन् दोघी एकदम हसायला लागल्या. कशाला हसल्या देव जाणे. मी आत आलो.

१ डिसें., सोम.
शेवटची तारीख. माधवकडून निरोप न्हाई. सय्यद सरांना फोन करून दोन दिवस मागितले. दिले.
मॅडमना जाऊन भेटलो. मला वाटलं, बैठकीतलं माझं भाषण काढतील. न्हाई काढलं. शीतलचं नाव ऐकलं अन् खुर्चीतून उठल्या. "खरंच?" दोनदा विचारलं. मग खिडकीतून मैदानाकडं पाहून म्हणाल्या, "आता बॅकला कुणाला उभं करू मी?"
संध्याकाळी माधवकडं जाते म्हणाल्या. चौथी फेरी.

३ डिसें., बुध.
माधव घरी आला, सकाळीच, धुतलेला सदरा. चहा बशीत ओतून पिला. म्हणाला, "एक महिना पाहतो. पहिले चार-आठ दिवस मी सवता जातो संगं. जिथं लेकरू जाईन तिथलं माणूस पाहायला पाहिजे का न्हाई?"
व्हय म्हटलं.
दुपारी जीपमधे बापलेक. शीतलच्या मांडीवर बॅग, माधवच्या मांडीवर भाकरीची पिशवी. गौ. स्टँडवर आली होती माझ्यासंगं. जीप गेली तरी हात हलवत होती. मग म्हणाली, "चला, मला उशीर होऊन राहिला." तिची प्रॅक्टिस.

६ डिसें., शनि.
मोटरसायकलवर मागं एकटीच गौ. गाडी हलकी वाटते. खड्ड्यात जास्त उडते.
मैदानावर आज मी आत गेलो न्हाई, जाळीबिळी काही न्हाईच इथं, रस्त्याच्या पलीकडं चहाच्या टपरीवर बसलो. मॅडमनी गौ.ला बॅकला उभं केलं. तिला राग आलेला लांबूनच दिसला. नंतर नंतर खेळली.
घरी सुमनला म्हणे, "मागं उभं राहिलं की सगळं मैदान दिसतं. शीतल सांगायची, मला खोटं वाटायचं."

९ डिसें., मंगळ.
माधव संध्याकाळी वाटेत भेटला. अकादमीचे दिवस बुध. अन् शनि., दोनदा जाऊन आला हिंगोलीला. सय्यद सर बरा माणूस आहे म्हणे, दोन्ही येळा खुर्ची दिली बसायला. शीतल तिथं पळून राहिली तर ओळखूच येत न्हाई, म्हणे.
मग म्हणाला, "उद्या हरभऱ्याला पाणी द्यायचं हाय. दिवसा लाईट उद्याच. मला जाता येणार न्हाई."
मी थांबलो. तुमी न्या म्हणंल, का राहू द्या म्हणंल, का जाऊ द्या एकटी म्हणंल. तोबी माझ्याकडंच पाहून राहिला होता.
मी सेनगावपर्यंत नेईनच. पुढं श्रुती आहे. पण हे मी म्हणून झालंय त्याला, पुन्हा म्हटलं न्हाई. पोरगी त्याची आहे.
घरी आलो तर गौ. अभ्यासाला बसलेली. म्हटलं, पुढच्या वर्षी पुन्हा ट्रायल देणार का गं? पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "पप्पा, एवढ्यात विचारू नका ना."
बरं म्हटलं.
गाडीत पेट्रोल टाकून ठेवलं. उद्या दुपारी दोन वाजता माधवच्या दारासमोर उभा राहीन. हॉर्न वाजवणार न्हाई.