छप्पर आणि छपरी

अड्याळ, सोमवार, १२ जून १९७८

छप्पर म्हणजे घरावरचं. छपरी म्हणजे घरापुढची, खांबांवर उभी, जिथे माणूस उजेडात बसतो. हे भाऊजींना कळत नाही? स्वतः मिस्त्री आहेत! आईला पावसात बिड्या वळायला जागा हवी म्हणून छपरी ठरली होती. आत दिवसाही दिवा लावावा लागतो आणि तिचे डोळे आधीच अधू. खांबांसाठी दोन खड्डे मी स्वतः खणले. आणि आज घरावर कवेलू चढवून झाल्याबरोबर भाऊजी अवजारं बांधायला लागले. तुमसरला दुसरं काम मिळालं म्हणे.

मी म्हटलं, "भाऊजी, छपरी राहिली."

"छप्पर काय न् छपरी काय! डोक्यावर आलं ना? सातवी शिकले तं आता आमाले शब्द शिकवून राहिले साळेसाहेब!"

बाबा हसले. हसले! जावयापुढे त्यांना नेहमी हसूच का येतं? वर मलाच म्हणाले, "ते खड्डे बुजवून टाक. अंधारात जावई पडतीन."

मी आईकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "बुजव बापू. तुया बहिणीले त्याईच्याच घरी नांदाचं हाये."

दोन्ही खड्डे बुजवले. धुमसाने माती ठोकत बसलो. आतून भाऊजी ओरडले, "हळू, साळेसाहेब! भिंत हालन!"

मी आणखी जोरात ठोकलं.