जमादाराचं नाक

१ डिसेंबर १९७४
साखर कारखान्यात आजपासून नवी ऑर्डर. दारू पिऊन आलेल्याला गेटवरनंच परत धाडायचं. ड्यूटी मला दिली. देणारच. गेटचा जमादार मी, माजी हवालदार हंबीरराव. प्रत्येकानं माझ्या तोंडापुढं 'हा' करायचं, मी वास घ्यायचा. मिलिटरीत तयार झालेलं नाक आहे.
निघताना कोट्यातली रम घोटभर घेतली. थंडी लय. रम म्हणजे दारू नव्हे, कँटीनचा माल, सरकारच देतं.

४ डिसेंबर
एकाच्याही तोंडाला वास नाही. ऑर्डरीचा धसकाच घेतलाय लोकांनी. साहेबांना रिपोर्ट दिला, सगळे फिट. साहेब खूश. लीलाबाई म्हणाली, तुमच्याच तोंडाला येतोय, त्यात दुसऱ्याचा कसा कळायचा? बायकोला टेक्निकल गोष्टी सांगण्यात अर्थ नाही.

११ डिसेंबर
वाईट झालं. ऊस आत ओढणाऱ्या पट्ट्याच्या गव्हाणीत मोळी अडकली म्हणून तिथला मजूर धुळा ती काढायला खाली उतरला होता. वरनं पट्टा चालवणाऱ्या अर्जुनानं बटण दाबलं. खाली माणूस आहे हे त्यानं बघितलंच नाही. धुळा जागच्या जागी गेला.
साहेबांनी मला बोलावून विचारलं, अर्जुना पिऊन होता का? मी अटेन्शनमध्ये सांगितलं, नाही साहेब, मी स्वतः वास घेतलाय, फिट होता. अर्जुना मान खाली घालून उभा. बिचाऱ्याची नोकरी वाचली. धुळाचं नशीब, दुसरं काय.

१३ डिसेंबर
झोप नाही. संध्याकाळचा डोस वाढवला. औषध म्हणून.

१६ डिसेंबर, सकाळची शिफ्ट
लायनीत धुळा उभा होता. तीच खाकी चड्डी, डोक्याला तोच टॉवेल. पुढं आला आणि 'हा' केलं. तोंडावर गार वारं आलं. मी म्हटलं, जा आत. करणार काय, लाईन खोळंबली होती. मागनं रहिमान फिटरनं विचारलं, जमादार, कुणाशी बोलताय?

१९ डिसेंबर
रोज येतोय. मळीचा उग्र वास डोक्यात जातो, त्याचाच हा परिणाम. लीलाबाई म्हणते, आवं, मळीचा न्हाई, बाटलीचा हाय.
भीती वाटते. पण सांगणार कुणाला? जमादारच घाबरला म्हटल्यावर गेटवर शिस्त काय राहणार?

२४ डिसेंबर
असेलही बाटलीचा. कोट्याच्या मालात हल्ली भेसळ करत असतील. उद्यापासून एकदम बंद. उरलेली बाटली लीलाबाईनं मोरीत ओतली. बघवलं नाही, बाहेर जाऊन उभा राहिलो. हवालदाराचा शब्द म्हणजे शब्द.

२६ डिसेंबर
हात कापतात. रजा टाकली. चहा धोतरावर सांडला, लीलाबाईनं दुसरा दिला. आमटीतला लसूण कळला. किती वर्षांनी! धुळा दिसला नाही. म्हणजे रमच होती ती. सुटलो.

३० डिसेंबर
ड्यूटीवर हजर. दाढी गुळगुळीत, पोटात थेंब नाही. पहिलाच माणूस अर्जुना. त्यानं 'हा' केलं आणि हातभट्टीचा असा भपकारा आला की मी मागंच सरलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सापडला एक. छाती फुगली. म्हटलं, पिऊन आलायस, फीर मागं.
तो अगदी हळू म्हणाला, "जमादार, मी रोज असाच येतो. त्या दिवशीबी असाच आलो हुतो. तुमीच आत सोडला न्हवं?"
बाकी कुणाला ऐकू गेलं नसावं. त्याला परत धाडला असता तर साहेबांनी विचारलं असतं, आजच कसा वास आला? उत्तर काय देणार होतो? म्हटलं, जा आत. गेला, गव्हाणीकडं.
त्याच्या मागचा पुढं आला. धुळा. त्यानं 'हा' केलं.
आज रमवर ढकलायचीही सोय नाही.