नकाशात उंच, जमिनीवर खोल

आबा,

तुम्ही होता तेव्हा मी इथून, कुवेतहून, तुम्हाला पाच-सहा पत्रं पाठवली असतील. आम्ही सुखरूप आहोत, तुमच्या गुडघ्याला तेल लावत जा, यापलीकडे त्यांत काही नसायचं. ती पोस्टमन पडवीत बसून मोठ्याने वाचून दाखवणार आणि शेजारची दोन माणसं तरी ऐकायला थांबणार, हे मला ठाऊक होतं. तुम्हाला जाऊन आता सव्वीस वर्षं झाली. आज मध्ये पोस्टमन नाही, तेव्हा जे सांगायचं ते सगळं सांगते.

तुमचे जावई नऊ वर्षांपूर्वी गेले. साइटवरून आले, बूट काढायला खुर्चीत बसले आणि उठलेच नाहीत. त्या खुर्चीवर आता मी इस्त्रीचे कपडे ठेवते, कारण रिकामी बघवत नाही आणि टाकवतही नाही. त्यांच्या ओळखीने मला एका ऑफिसात काम मिळालं आणि माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्या कंपनीच्या नावावर झाला. या ऑफिसात नव्या वस्त्यांचे नकाशे होतात. रस्ते कुठून जाणार, गटारं कुठे उतरणार, शाळा कुठे, मशीद कुठे, दिव्याचे खांब किती. माझं काम ते मोठे कागद मशीनवर छापायचं आणि घड्या घालायचं. पहिलं वर्ष मी नुसत्या घड्याच घातल्या. मग प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एक चौकट असते, कुठल्या खुणेचा अर्थ काय ते तिथे लिहिलेलं असतं, ती वाचायला लागले. अब्बासिया वस्तीतल्या आपल्या मराठी मंडळाच्या कपाटातली पुस्तकं मी जशी वाचली, तसेच नकाशेही. आधी अडखळत, बोट ठेवून, मग बोटाशिवाय. सातवीतून तुम्ही मला काढलंत ते मी विसरलेले नाही, आबा. पण वाचायचं मी सोडलं नाही, तेही तुम्हाला कळू दे.

शाळेतून काढलंत आणि तुमच्या गवंडीकामातल्या नळीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलंत. पाणी भरलेली ती लांब पारदर्शक नळी. एक टोक तुमच्याकडे, एक माझ्याकडे, मध्ये अख्खं जोतं. दोन्ही टोकांना पाणी जिथे थांबेल तिथे खडूची खूण करायची, म्हणजे दोन्ही कोपरे एका उंचीचे. मी बारा वर्षांची आहे, ऊन डोक्यावर आहे, आणि मी ओरडून सांगते, "बरोबर!" तुम्ही दोरी लावता, चिऱ्यांचे दोन थर चढतात, आणि दुपारी तुमच्या लक्षात येतं की माझ्या बाजूचा कोपरा दोन बोटं वर गेलाय. तुम्ही नळी उचलून उन्हात धरता. मध्ये हवेचा बुडबुडा.

"डोळे खय होते गो तुझे? नळयेत बुडबुडो हा आणि तू बरोबर म्हणतस?"

मी दिसला होता म्हणाले. दिसला होता, पण तुम्ही घाईत होता म्हणून बोलले नाही. तेव्हा तुम्ही जास्त चिडलात. "दिसलो तर बोलायचा. माका राग इलो तरी बोलायचा." दोन्ही थर आपण दोघांनी मिळून उतरवले. तुम्ही मारलं नाहीत.

आणि तुमची ती दुसरी सवय, जिच्यापायी आईची चिडचिड व्हायची. नवी जागा असली की एक पावसाळा गेल्याशिवाय तुम्ही पाया खणत नव्हता. मुंबईहून बँकेतले एक गृहस्थ आले होते, त्यांना गणपतीच्या आत घर हवं होतं. "तुका काम होया की नको?" असं त्यांनी तोंडावर विचारलं. तुम्ही म्हणालात, "काम होया. पण येक पावसाळो पाणी खय जाता ता बघूया, मगे पायो." त्यांनी दुसरा गवंडी बोलावला. पुढच्या आषाढात त्यांच्या स्वयंपाकघरात पाणी शिरलं. तुम्ही कुदळ घेऊन गेलात, घरामागून चर खणून दिलात आणि एक शब्द न बोलता परत आलात. आई म्हणाली, "बोलाक तोंड नाय काय तुमका?" तुम्ही नुसते हसलात.

इथे पावसाळा नाही. थंडीत दोन-चार वेळा पाऊस येतो, कधी अजिबात येत नाही, कधी दोन दिवसांत असा येतो की गाड्या तरंगतात. आम्ही नवे आलो तेव्हा आमच्या एगैला वस्तीच्या आसपास इतकी मोकळी जागा होती की वारा सुटला की आमच्या खिडकीत वाळूची रेघ उमटायची. आता तिथे मॉल आहेत, आणि गाडी लावायला जागा शोधत फिरावं लागतं. दक्षिणेला खैरानकडे जाताना त्या वेळी टोमॅटोची शेतं होती, उंट होते, थंडीतले तंबू होते. आता तिथे अख्खी शहरं उभी राहतायत. घरांच्या आधी दिव्यांचे खांब येतात. घर नाही, माणूस नाही, आणि संध्याकाळी रिकाम्या रस्त्यावर शेकडो दिवे लागतात. लोक म्हणतात वाळवंट गेलं, शेतं गेली. मला तशी हळहळ वाटत नाही. इथल्या माणसांची पोरं लग्नं होऊन बापाच्या घरात वरच्या मजल्यावर वर्षानुवर्षं राहतात, सरकारी घरांच्या यादीत आपलं नाव कधी वर सरकतंय याची वाट बघत. माणसं वाढली तर घरं होणारच, आणि व्हायला हवीत. माझं म्हणणं एवढंच की पाणी कुठे जातं ते आधी बघावं.

गेल्या थंडीत आमच्या ऑफिसातली जुनी कपाटं रिकामी करायची निघाली. जुने कागद एकेक करून स्कॅन करायचं काम माझ्याकडे आलं. त्यात खैरानकडच्या त्याच भागाचा एक जुना कागद निघाला. जमीन किती उंच आहे ते नकाशावर आकड्यांत लिहितात, त्याला इथेही लेव्हलच म्हणतात. त्या कागदावर रस्त्याच्या वळणापाशी, एका शेताच्या भिंतीला लागून, जमीन चांगली दीड पुरुष खोल दाखवलेली. तिथल्या नव्या वस्तीचा नकाशा आमच्याच ऑफिसात होत होता, त्यात तीच जागा आजूबाजूपेक्षा उंच. आणि उंच म्हणून तिच्यावर मुलांची शाळा.

ती जागा मला माहीत होती. लेक दोन वर्षांची असताना तुमचे जावई आम्हाला एका शुक्रवारी तिथे घेऊन गेले होते. आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेला. खोलगटात घोट्याएवढं पाणी साचलंय, कडेने बारीक हिरवं उगवलंय, आणि हे म्हणतायत, "घे, तुझा समुद्र." आम्ही पाण्याशेजारी चादर पसरून डबा उघडला. वरच्या अंगाला तंबूत बसलेला एक म्हातारा हात हलवून ओरडायला लागला की तिथे नको, वर या. आम्हाला वाटलं त्याची जागा असेल. तासाभरात पाणी चादरीखाली आलं. मग नीट बघितलं तर सगळे तंबू उंचावर, खोलगटात बसलेले फक्त आम्ही. पुढे बऱ्याच वर्षांनी यांचं काम त्याच रस्त्याला पाइपलाइन टाकायचं होतं. खणलेली वाळू टाकायला जवळ ती जागा होती. घरी येऊन म्हणाले, "तुझा समुद्र बुजवला गं." पाइपलाइन झाली, हे गेले. नंतर लेकीच्या मैत्रिणींबरोबर खैरानला जाताना मी बसच्या खिडकीतून पाहिलं, ती वाळू ट्रकांत भरून पुढच्या रस्त्याला नेत होते. म्हणजे मोजणी झाली तेव्हा ढिगारा होता. नकाशात ढिगारा राहिला, जमिनीवरून गेला.

मी दोन्ही कागद घेऊन आमच्या इंजिनिअरकडे गेले. पुण्याचा आहे, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मला काकू म्हणतो.

"काकू, हा सर्व्हे नव्या मशीनने झालाय. मशीन चुकत नाही."

"मशीन नाही चुकलं. ते ढिगाऱ्यावर उभं होतं."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मी तिथे बसून डबा खाल्लाय."

त्याने शेजारच्या टेबलाकडे बघितलं. "अरे, काकूंच्या डब्याची लेव्हल लिहून घ्या रे कोणीतरी." सगळे हसले. मीही हसले, दुसरं काय करणार. मग तो जरा मऊ आवाजात म्हणाला, "उद्या क्लायंटची मीटिंग आहे. सगळं फायनल झालंय. तुम्ही प्रिंट काढा ना प्लीज."

घरी लेकीला सांगितलं. ती इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे. माझ्याशी निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी बोलते. "मम्मी, इट्स नॉट युवर जॉब. पुढच्या महिन्यात तुझा इकामा रिन्यू व्हायचाय. त्यांनी नाही केला तर? तू तिकडे, मी इकडे?" ती खरं बोलत होती. आपल्या घराला कुलूप आहे, गावात माझं कोणी उरलं नाही, आणि इथे माझी लेक आहे. मी भाजी चिरत होते. चिरता चिरता मला ती शाळा दिसत होती. मोठ्या माणसांची गाडी तरंगली तर तरंगली. सहा वर्षांची पोरं वर्गात असतात.

दुसऱ्या दिवशी मीटिंगच्या खोलीत कागद मांडायचं काम माझंच होतं. मी नवा नकाशा पसरला आणि त्याच्याशेजारी जुना. पुण्याच्या इंजिनिअरने माझ्याकडे असं बघितलं की मी ते इथे लिहीत नाही. क्लायंटकडून एक कुवेती बाई आली होती, तीही इंजिनिअर, वयाने माझ्या लेकीएवढी. जुन्या कागदावर बोट ठेवून तिने विचारलं, हा का ठेवला? खोलीत पाच-सहा माणसं. मी दोन्ही तळहात टेबलावर टेकवले. मग माझ्या मोडक्या अरबीत, जिथे अडेल तिथे हिंदीत, तिला सांगितलं. इथे खड्डा. इथे वाळू आली. इथून वाळू गेली. हा आकडा वाळूचा आहे, जमिनीचा नाही. पाणी इथून येईल, इथे थांबेल, शाळेत.

तिने दोन्ही कागदांवरचे आकडे बोटाने जुळवून पाहिले. मग म्हणाली, तिचा स्वतःचा प्लॉट याच भागात लागलाय, लग्नाला सहा वर्षं झाली, सासरी वरच्या मजल्यावर राहते, आणि तिची मुलगी याच शाळेत जाणार. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, लेव्हल वाचायला तुला कोणी शिकवलं?

काय उत्तर दिलं ते पुढे सांगते.

त्याच आठवड्यात मोजणीवाले गेले. जागा दाखवायला मलाही गाडीतून नेलं. आता तिथे रस्ता आहे, फुटपाथ आहे, शेताची भिंत अर्धी पडलीय, पण वळण तेच. त्यांनी मशीन उभं केलं, आकडे वाचले, पुन्हा वाचले. जमीन जुन्या कागदासारखीच खोल निघाली. पुण्याचा इंजिनिअर माझ्याशेजारी उन्हात उभा होता. मला म्हणाला, "काकू, डबा आणलाय का?"

"आणलाय. पण आज वर बसून खायचा."

शाळा आता रस्त्याच्या पलीकडे, उंचावर गेलीय. खोलगटात बाग होणार, आणि खाली पाणी साठवून हळूहळू सोडायची टाकी. माझा इकामा झाला. माझं टेबल प्रिंटच्या खोलीतून बाहेर काढून इंजिनिअरांच्या ओळीत लावलंय, आणि कुठलाही नकाशा बाहेर जायच्या आधी माझ्या नजरेखालून जातो. मला ते काम येतं, आबा. अजून मोठा पाऊस आलेला नाही. येईल तेव्हा मी बघायला जाणार आहे.

आता ते उत्तर. तिने विचारलं, कोणी शिकवलं, आणि मी म्हणाले, "अबूय मुहंदिस." म्हणजे माझे वडील इंजिनिअर. तिने मान डोलावली आणि सगळ्यांचे चेहरे बदलले. त्या क्षणापासून त्यांनी ऐकायला सुरुवात केली. नंतर पुण्याच्या इंजिनिअरने विचारलं, "काकू, तुमचे वडील कुठल्या कॉलेजचे?" मी म्हटलं, "त्या वेळी आमच्याकडे एकच होतं." त्यालाही ते पटलं. लेकीने तर मैत्रिणींना सांगितलंय. आता मी ते मागे घेऊ शकत नाही, आणि खरं म्हणजे घेणारही नाही.

दोन महिने मी मनाशी म्हणत होते की तुम्हाला मोठं करावं म्हणून मी तसं बोलले. कधी म्हणत होते की शाळेसाठी बोलले. दोन्हीत थोडं खरं आहे. पण हे पत्र कुठे जाणार नाही, वहीतच राहणार आहे, म्हणून उरलेलंही लिहिते. गवंड्याला अरबीत बन्ना म्हणतात. मी ज्या ऑफिसात नऊ वर्षं काढली तिथे हा शब्द दिवसातून दहा वेळा ऐकू येतो. तो मला येत होता, आबा. तोंडापर्यंत आला होता.