डावा सात, उजवा पाच : ही गाठ सोडू नये

प्रति,
मा. उपसंचालक (साठा व पुरवठा),
सहाय्यक साधने पुरवठा कार्यालय.

विषय : मागच्या खोलीत खिडकीकडच्या कप्प्यात नाड्यांनी एकत्र बांधून ठेवलेले दोन बूट भंगारात न काढणेबाबत, तसेच साठ्याच्या संगणकीय नोंदीत डाव्या व उजव्या पायाचे माप वेगळे घेणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे याच विषयावरचे यापूर्वीचे सर्व अर्ज.
२) त्या सर्वांना आलेले "साठा पुरेसा असल्याने तक्रार निकाली" हे एकच उत्तर.
३) अर्जदाराच्या बदलीचा आदेश.

महोदय,

हा कागद सह्यांच्या गठ्ठ्यातून क्षणभर बाजूला काढावा आणि खुर्ची जरा पुढे ओढून घ्यावी, ही विनंती. लिहायला घेतला आहे अर्ज, पण आत आख्यान आहे. आणि आख्यान लांबून ऐकले तर नुसते टाळ कानावर येतात, शब्द येत नाहीत. अर्जदाराला कीर्तनाचे वेड असल्याने लेखणी अशी वाहवत जाते, हा दोष पोटात घालावा.

१. अर्जदार या भांडारात भांडारपाल आहे. कुबड्या, चाकांच्या खुर्च्या, कंबरपट्टे आणि खास मापाचे बूट येथून गरजूंना दिले जातात. आरंभीच स्पष्ट करतो की अर्जदार संगणकाचा वैरी नाही. पूर्वी कुबड्या आमच्याकडे आणि त्यांचे रबरी टोप दुसऱ्या भांडारात, असा संसार होता. माणसे फरशीवर घसरून पडत आणि आम्ही एकमेकांना स्मरणपत्रे धाडत बसत असू. नवी नोंदपद्धत आल्यापासून टोप संपत आले की मागणी आपोआप पुरवठादाराकडे जाते आणि माल वेळेत येतो. त्या दिवशी अर्जदाराने घरी देवापुढे साखर ठेवली होती. म्हणजे तक्रार व्यवस्थेविरुद्ध नाही, व्यवस्थेत जे मावले नाही त्याबद्दल आहे.

२. मावले नाहीत ते पाय. काही माणसांचे दोन पाय सारखे नसतात. लहानपणीच्या आजाराने एक पाऊल आखूड राहते. अशा माणसाला एक बूट लहान लागतो, एक मोठा. कारखाना तर जोडच पाठवतो. दोन जोड फोडून एकाला द्यावेत, तर उरलेले दोन बूट कोण घालणार? यावर आमच्या भांडारात जुनी रीत होती. नेमका उलट्या मापाचा दुसरा माणूस शोधायचा. मग दोन जोड घ्यायचे, अदलाबदल करायची आणि ज्याचे त्याचे दोन बूट नाड्यांनी एकत्र बांधून कप्प्यात ठेवायचे. दोन माणसे, दोन जोड, एकही बूट वाया नाही. कोणा शासन निर्णयात ही रीत नव्हती. होती ती गाठीत.

३. या अर्जाशी संबंधित माणसे दोन. एक लिफ्टवाला : डावे पाऊल पाच नंबरचे, उजवे सातचे. दुसऱ्या म्हणजे शिवणवर्गाच्या बाई : डावे सात, उजवे पाच. दोघे वर्षानुवर्षे एकमेकांच्या जोडातले बूट घालत आले, पण त्यांची कधी भेट झालेली नाही. बूट न्यायला आल्या की बाई आधी विचारणार, "काय हो भांडारदादा, माझा पावलाचा भाऊ बरा आहे ना? त्याला म्हणावं, आता या वयात पाय वाढवू नकोस, माझी पंचाईत होईल." हा निरोप पोचवला की लिफ्टवाला लाजून खाली बघे आणि म्हणे, "ताईंना सांगा, वाढला तर आधी त्यांची परवानगी घेईन." बाईंनी एकदा जाड कापडाच्या दोन पिशव्या शिवून आणल्या, एक भावासाठी, एक इथे आपले बूट धूळ न खाता राहावेत म्हणून.

४. नंतर साठा पडताळणीचे पथक आले. तरुण, हुशार, अदबीची मुले. त्यांनी प्रत्येक कप्प्याला पट्टी लावली, प्रत्येक वस्तूला क्रमांक दिला. अर्जदार त्या दिवशी रेल्वेने येणारा माल उतरवून घ्यायला गेला होता. परत येऊन बघतो तो मागची खोली लख्ख, आणि सगळ्या गाठी सोडलेल्या! बिचाऱ्यांना वाटले, कोणा आळशाने विजोड बूट बांधून ठेवलेत. त्यांनी पाचाला पाच, साताला सात जुळवून सुरेख जोड लावले होते. पथकप्रमुख हसतमुखाने म्हणाले, "काका, किती घोळ होता हो इथे! सगळा निस्तरला." अर्जदाराला रडावे की हसावे कळेना. गाठींबरोबर नोंदीतला शेऱ्याचा रकानाही गेला. त्यात कोणाचा कोण जोडीदार ते लिहिलेले असे; तो "अनियमित मजकूर" म्हणून पुसला गेला. आता नोंदीत एका माणसाला एक माप आणि एका मापाचा एक जोड, इतकेच बसते.

५. इकडे लिफ्टवाल्याच्या इमारतीत बटणांची लिफ्ट आली आणि त्याला पहाऱ्यावर टाकले. बसून करायचे काम गेले, दिवसभर चालायचे आले. जुने बूट महिन्याभरात फाटले. नवे मागायला आला, तर यंत्रणा सातचा जोड द्यायला तयार, पाचचा द्यायला तयार, पण एक पाचचा आणि एक सातचा काही केल्या देईना. त्याने नाइलाजाने सातचा जोड नेला आणि डाव्यात चिंध्या कोंबल्या. टाच सोलवटली, चाल बिघडली. वरिष्ठांनी बघितले आणि वैद्यकीय तपासणी लावली : डॉक्टरांसमोर आधाराशिवाय चालून दाखवायचे, नाही तर नोकरीतून कमी. अर्जदाराने तातडीची मागणी नोंदवली. उत्तर आले, साठा पुरेसा आहे. महोदय, साठा पुरेसा होता हे अर्जदाराला ठाऊक आहे! तो अर्जदाराच्या नाकासमोर होता. पाण्यात उभे राहून तहानेने मरावे, तशी गत.

६. संगणक कक्षातल्या मुलीपुढे अर्जदाराने गाऱ्हाणे मांडले. ती म्हणाली, "काका, माझ्या पडद्यावर सगळं हिरवं दिसतंय. हिरव्याला मी काय करू?" मग मदत कक्षाला फोन लावला. तिथून सल्ला मिळाला की एकच माणूस दोन लाभार्थी म्हणून नोंदवा. अर्जदाराने मन घट्ट करून तसे केले : लिफ्टवाला (डावा), माप पाच, लिफ्टवाला (उजवा), माप सात. यंत्रणेने दोघांचे स्वागत केले आणि प्रत्येकाला दोन्ही पायांसह ओळख पटवण्यासाठी हजर राहण्याचे पत्र काढले, एकाच दिवशी, एकाच वेळी, दोन वेगवेगळ्या इमारतींत. लिफ्टवाला पत्रे घेऊन आला आणि म्हणाला, "भांडारदादा, डावा मी पाठवतो, उजव्याला तुम्ही सोबत करा." त्या दिवसांत तो हसला तेवढाच. पुढे यंत्रणेला दोघांचा पत्ता एकच असल्याचे आढळले. दुबार नोंद म्हणून तिने दोन्ही पुसल्या. आजमितीस नोंदीनुसार हा मनुष्य डावीकडूनही नाही आणि उजवीकडूनही नाही. सांज-सकाळ जिना चढणारा, चार पोरांचा बाप, हाडामांसाचा माणूस नाही! अर्जदाराच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "तुमच्या त्या यंत्राला आरती म्हणून दाखवा, कदाचित पावेल." अर्जदार त्यांच्यावर विनाकारण ओरडला, आणि त्याचे त्याला अजून वाईट वाटते.

७. तपासणीच्या दिवशी सकाळी अर्जदाराने कुलूप उघडले, पाचचा एक जोड आणि सातचा एक जोड घेतला, अदलाबदल केली आणि डावा पाच, उजवा सात लिफ्टवाल्याच्या पायात स्वतःच्या हाताने चढवले. नाड्या बांधताना मनात नामस्मरण चालू होते. नियमभंगाचा विचार आला नाही, असे मात्र म्हणत नाही. तो डॉक्टरांसमोर लांब व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला, वळला आणि परत आला. डॉक्टर म्हणाले, "यांना इथे पाठवलं कशाला?" नोकरी राहिली.

८. भांडारात मात्र दोन जोडांची तूट दिसली. अर्जदाराने कृत्य लपवले नाही आणि बदलीचा आदेश निमूट स्वीकारला आहे. त्याविरुद्ध हा अर्ज नाही. पण उरलेले दोन बूट, म्हणजे डावा सात आणि उजवा पाच, अर्जदाराने पुन्हा नाड्यांनी बांधून खिडकीकडच्या कप्प्यात ठेवले आहेत. यंत्रणा त्यांना "विजोड, निरुपयोगी" म्हणते आणि महिनाअखेर भंगाराच्या गाडीत घालणार आहे. ते बाईंचे आहेत. बाई लेकीच्या बाळंतपणाला दूर गेल्या आहेत, घराला कुलूप आहे. बूट त्यांच्यासाठी बाहेर नेऊन ठेवावेत, तर भांडाराच्या फाटकावरचा पहारेकरी आता अर्जदाराचा जेवणाचा डबासुद्धा उघडून बघतो.

९. तरी मागणे एवढेच. लिफ्टवाल्याची नोंद एक माणूस म्हणून पुन्हा घ्यावी. मापाच्या रकान्याचे दोन रकाने करावेत, डावा आणि उजवा. संगणक कक्षातली मुलगी सांगते की तिला परवानगी मिळाली तर चहा निवायच्या आत होईल. शेऱ्याचा रकाना परत द्यावा, म्हणजे यंत्रच उलट्या मापाचे जोडीदार शोधून देईल. अर्जदाराला जे ओळखीपाळखीने जमले, ते त्याला हजारोंसाठी जमेल. त्याला फक्त कोणी सांगितलेले नाही.

आणि यातले काहीच झाले नाही, तरी ती गाठ सोडू देऊ नये. उद्यापासून येथे नवा भांडारपाल असेल. ती कोणाची आहे हे त्याला ठाऊक नाही आणि नोंदीत कुठेही लिहिलेले नाही. आता ते फक्त या कागदावर आणि, आपण इथपर्यंत वाचले असेल तर, आपल्यापाशी आहे. नातवंडाचे बारसे उरकून एक दिवस बाई दारात येतील, झिजल्या बुटांनी, आणि भावाची चौकशी करतील. त्यांना सांगावे की तो बरा आहे, चालतो आहे. बाईंची आठवण ठेवावी.

आपला नम्र,
(सही)
मावळता भांडारपाल

दिनांक : कार्यभार सोडण्याच्या आदल्या दिवशी

सोबत : १) बदलीच्या आदेशाची प्रत.
२) निकाली काढलेल्या अर्जांच्या प्रती.
३) बाईंनी शिवलेली कापडी पिशवी, एक. ही दप्तरी दाखल न करता बूट त्यात ठेवावेत.